आजोबांच्या हेराल्डचा टप काढावा का? (काका विरुद्ध मी)

शहापूरचा नातू:
बेळगावात शहापूरच्या घरामागं पडवीत आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे, म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची मद्रासला बनलेली गाडी. १९६६ची, दोन दारांची, ९४८ सीसी. आरसी बुकावर अजून मैसूर राज्याचा शिक्का आहे, कारण कर्नाटक हे नाव १९७३ला आलं. यंदा पाडव्याला इंजिन चालू झालं आणि त्याच दिवसापासून घरात भांडण. मला तिचा टप काढून उघडी टू-सीटर करायची आहे, काकांना ते पाप वाटतं. "चार लोकांना विचार तरी," म्हणाले, म्हणून विचारतोय. माझं मत ठरलेलं आहे, ते लपवत नाही.

हेराल्डचा टप कापायचा नसतोच. तो बोल्टवर बसलेला आहे. इंग्लंडात ट्रायम्फला एकसंध बॉडी करून देणारा कारखाना दुसऱ्या कंपनीनं गिळला, म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीनं वेगळी चासी केली आणि वर तुकड्यातुकड्यानं पत्रा बोल्टनं बसवला. नाइलाजानं केलेली गोष्ट, पण त्यामुळंच १९६०ला तिची उघडी गाडी लगेच निघाली आणि १९६२ला तीच चासी आखूड करून स्पिटफायर ही उघडी टू-सीटर आली. म्हणजे अर्धी स्पोर्ट्स कार आमच्या पडवीतच आहे, वर टोपी घालून.

आणि मला वेग नको आहे. लोटस सेव्हन ही इंग्लंडातली हलकी उघडी टू-सीटर १९५७ची, १९७३पासून कॅटरहॅमवाले ती करतात. त्यांनी २०१३ला सुझुकीचं ६६० सीसीचं इंजिन घालून एक काढली. ताकद ऐंशी अश्वशक्ती, वजन पाचशे किलोच्या आत. गंमत ताकदीत नसते, नसलेल्या सामानात असते. टप, मागची सीट, आतलं अस्तर, सगळं काढून माळ्यावर ठेवणार. इंजिनाला हात लावणार नाही. उद्या कुणाला वाटलं तर संध्याकाळपर्यंत टप परत बसेल. यात पाप कुठं आहे ते सांगा.

निपाणीचा कागदवाला:
पाप नाही, नियम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानं ते आणखी घट्ट केलं. तुमच्या आरसीवर बॉडीचा प्रकार 'सलून' लिहिलेला असणार. रस्त्यावर अडवणाऱ्याला तुम्ही ट्रायम्फचा इतिहास सांगत बसणार का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमची गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. जुलै २०२१च्या नियमानं ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं. वीस हजार फी, दहा वर्षं निर्धास्त. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. साठ वर्षं जी गाडी मूळ राहिली तिचा हा हक्क चार बोल्टांसाठी घालवायचा? काकांचं ऐका.

इंजिनपिसा:
टप राहू दे नाहीतर जाऊ दे, ३५ अश्वशक्तीत काय चालवणार भावा? जिप्सीचं तेराशेचं इंजिन टाक, पार्ट कोपऱ्यावर मिळतात. ते नको असेल तर ओम्नीचं इंजिन-गिअरबॉक्स. पडवीतली गाडी पडवीतच म्हातारी होणार नाहीतर.

शहापूरचा नातू:
@इंजिनपिसा ओम्नीचं ७९६ सीसी म्हणजे ३७-३८ अश्वशक्ती. दोन घोडे जास्त मिळवायला मी पूर्ण गाडी फाडू? आणि जिप्सीचे ऐंशी घोडे चारी चाकांच्या ड्रमब्रेकला कोण थांबवणार, तू?

@कागदवाला साहेब, व्हिंटेजचा नियम मीही वाचलाय. त्या नंबरावर गाडी रोज फिरवताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, बस. मला रविवारी सकाळी चहा प्यायला जांबोटीपर्यंत जायचंय. ते रॅलीत बसत नाही.

निपाणीचा कागदवाला:
चहा पितानाच पकडतात.

उद्यमबाग लेथ:
बाळा, टप काढ की, कोण नको म्हणतंय. खरं तू वरचं बघत बसलास, खाली बघितलास काय?

मी बावीस वर्षं लेथवर आहे. हेराल्ड तीन बघितलो, त्यातली एक अशीच उघडी केलेली. पहिली गोष्ट पुढच्या चाकाची. चाक ज्या उभ्या खांबावर वळतंय त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि तो खांब पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या एका तुकड्यात, फिरतोय. तिथं ग्रीस भरायचं नसतं. नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं, ग्रीस गनमध्येच ऑइल घालून. आपल्याकडं निपल दिसला की पोरगं ग्रीस मारून मोकळं. ग्रीस आट्यात उतरत नाही, तिथंच वाळून साबणासारखं होतंय, पाणी शिरतंय, खांबाला गंज धरतोय. मग एक दिवस खांब तुटतोय.

आणि तो जोरात पळताना तुटत नाही. कमी वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तुटतोय, कारण तेव्हा त्याच्यावर पीळ जास्त. मी सांगितलो ती उघडी गाडी दुसऱ्या रेल्वे गेटजवळ वळताना डाव्या चाकावर बसली. गेट उघडायची वाट बघून मागं फिरायला गेला मालक, आणि चाक पोटाखाली. कुणाला लागलं नाही, नशीब. दोन्ही बाजूला माणसं हॉर्न मारत उभी. हेराल्ड पंचवीस फुटांत फिरते म्हणून सगळे कौतुक करतात, खरं तीच गोष्ट त्या खांबाला खाते.

दुसरी गोष्ट तू लिहिलायस, 'सामान काढणार, गाडी हलकी'. पुढचं हलकं केलास तर ठीक. तू मागचं काढतोयस. सीट मागची, टप मागचा. हेराल्डला मागं स्प्रिंगचा आडवा पाटा आणि मोडता ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळा हलणारा. मागचं वजन कमी झालं की पाटा उंच होतोय, चाकं खालून आत येतात, घोडा पाय जुळवून उभा राहतो तसं. अशा अवस्थेत वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडलास तर बाहेरचं चाक आत दुमडतंय आणि मागचा भाग सुटतोय. म्हणजे तू गाडी हलकी करून जास्त धोक्याची करतोयस. जांबोटीच्या रस्त्यावर वळणं कमी आहेत काय?

शहापूरचा नातू:
हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण मग उपाय आहे ना? स्पिटफायरला १९७०च्या शेवटी मार्क फोरमध्ये पाटा बदलला, फक्त एकच पान घट्ट धरलं आणि बाकीची मोकळी सोडली. तसं करून घेता येणार नाही का?

उद्यमबाग लेथ:
येतंय की. पाटेवाला आहे माझ्या ओळखीचा, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे करणारा. त्याला स्पिटफायर माहीत नाही, खरं पानाचा बाक माहीत आहे. टप काढल्यावर दोन माणसं बसवून मोजायचं आणि मग बाक उतरवायचा. आधी नाही. लोक आधी बाक उतरवून आणतात, मग गाडी खाली घासतेय म्हणून बोंबलतात.

हवा पण बघ. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा कमी ठेवायची, गाडीच तशी केली आहे. पंपावर पोरगा विचारतोय "पस्तीस?" आणि तू मान हलवलास की संपलं, गाडी खडखडत जाणार.

जांबोटीची सून:
सगळे पुरुष बोलताहेत म्हणून मी सांगते, टप काढल्यावर शेजारच्या सीटवर बसणार कोण, ते कुणी विचारलं का? माझ्या नवऱ्यानं अशीच एक उघडी जिप्सी घेतली होती. जून लागला की खानापूरच्या पुढं पाऊस वरून येत नाही, चारी बाजूंनी येतो. कणकुंबीकडं गेलात तर विचारूच नका. तुमचं टप माळ्यावर, आणि तुम्ही कणकुंबीत.

दुसरं, रस्ता. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. एकामागं एक दोन, मागं दिवा नाही, बाजूनं ऊस बाहेर आलेला. आमच्या जिप्सीत एकदा उसाचं वाढं थेट आत आलं आणि माझ्या ओढणीत अडकलं. जिप्सी उंच होती म्हणून खांद्याशी आलं. तुमची हेराल्ड बुटकी, विचार करा कुठं येईल.

हौस करा, मी नाही म्हणत नाही. पण गाडी दोन माणसांची आहे हे लक्षात ठेवून करा. आणि सीटबेल्ट बसवणार का, ते तुम्ही लिहिलंच नाही.

इंजिनपिसा:
वहिनी, जिप्सी विकली का? 😀

जांबोटीची सून:
नाही. अजून आहे. म्हणून तर बोलतेय.

शहापूरचा नातू:
वहिनी, बेल्ट बसवणार, दोन्ही सीटना. चासीला पकडून, पत्र्याला नाही. ते लिहायचं राहिलं.

पण पावसाचं मी उलट धरतो. चार महिने गाडी तशीही पडवीतच असणार. त्या चार महिन्यांत टप घालून ठेवीन, बोल्ट आहेतच. साठ वर्षं टप होता म्हणून गाडी टिकली असं काका म्हणतात, पण मी गालिचा उचलला तर चासीच्या बाजूचे हात दोन ठिकाणी बोटानं आत गेले. टपाखाली गंज कुणाला दिसला नाही एवढंच. उघडी असती तर आजोबांनी दर पावसाळ्यानंतर पुसली असती.

निपाणीचा कागदवाला:
हे उगाच. आणि आता तुम्हीच सांगितलंत, चासीचे हात गेलेत. टप बॉडीला ताठ ठेवतो. हात कुजलेले असताना टप काढलात तर मधोमध गाडी बसेल, दारं लागणार नाहीत. उघड्या हेराल्डचं दार घट्ट झालं की समजायचं, चासी वाकतेय. कायदा बाजूला ठेवतो, पण हे तरी ऐका.

मी काही जुन्या गाड्यांचा वैरी नाही. माझ्या वडिलांनी अशीच मूळ गाडी 'थोडी सुधारली'. आधी सीट कव्हर, मग स्टिअरिंग, मग डिस्को दिवे. विकायला काढली तेव्हा घेणारा म्हणाला, यात स्टँडर्ड काय उरलंय? तेव्हापासून मला 'उद्या परत बसवता येईल' हे वाक्य ऐकलं की धडकी भरते. काढलेलं सामान माळ्यावर राहत नाही. भंगारवाला येतो, घरात कुणीतरी असतं, आणि दिवाळीची साफसफाई असते.

शहापूरचा नातू:
तुमचा माळ्याचा मुद्दा लागला, खोटं बोलत नाही. आजोबांचा रेडिओ असाच गेला.

पण साहेब, 'मूळ' म्हणजे काय, यावर मी भांडणार. मद्रासच्या कारखान्यानंच हेराल्ड वेळोवेळी बदलली. १९६८ला मार्क थ्रीला चार दारं केली, ती इंग्लंडात कधी नव्हती. १९७२ला हेराल्डचीच पुढची गाडी गझेल आली तेव्हा मागचा मोडता ॲक्सल काढून सरळ ॲक्सल टाकला, कारण आपल्या रस्त्यांवर तेच टिकतं. कारखान्यानं इथल्या रस्त्यासाठी बदल केला तर ती सुधारणा, आणि मी बोल्ट सोडला तर भ्रष्टाचार?

निपाणीचा कागदवाला:
होय. त्यांच्याकडं मंजुरी होती.

उद्यमबाग लेथ:
तुमचं भांडण चालू द्या. नातवा, जॅकवर घेतलास काय गाडी?

शहापूरचा नातू:
काल घेतली. डावं चाक काढून ट्रनियनचं निपल उघडलं. आतून पिवळं कडक काहीतरी निघालं, नखानं खरवडून काढलं, ऑइलचा थेंब नाही. काका शेजारी टॉर्च धरून उभे होते. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बाबा ही कॅम्पात चालवायचे तेव्हाही..." आणि आत गेले.

टपाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण आधी चासीचे हात, मग पुढची चाकं, मग पाटा, मग टप. पुढच्या पाडव्यापर्यंत तो वरच राहणार असं काकांना सांगितलंय. कागदवाले साहेब, त्यादरम्यान आरटीओकडं लेखी परवानगीचा अर्जही करतो. नाकारली तर इथं टाकतो, तुम्ही हसा.

लेथवाले काका, ट्रनियन तुमच्याकडं करून मिळेल का? उद्यमबागेत एका ठिकाणी विचारलं, ते म्हणाले ॲल्युमिनियममध्ये स्वस्त पडेल.

उद्यमबाग लेथ:
ॲल्युमिनियम म्हणणाऱ्याच्या दारात परत जाऊ नकोस. गन मेटल लागतंय. माझ्या मागच्या गल्लीत फाउंड्री आहे, पॅटर्न लाकडाचा करून घेऊ, आटे मी पाडतो. जुना तुकडा मोडला असला तरी चालतंय, माप निघतंय.

खरं दोन्ही बाजूंचे आण, खांबासकट. डाव्या-उजव्याचे आटे एकमेकांच्या उलट असतात. मागं एकजण एकच घेऊन आला आणि दुसरा 'तसाच कर' म्हणाला. तसाच केलो. बसला नाही.

बुधवारी लाइट नसते इकडं, गुरुवारी ये.