आईचे गुडघे झिजलेत, व्यायाम करू देऊ का नको?

राजारामपुरीकर:
मंडळी एक विचारायचं होतं. आई ६२ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखालेत, उजवा जास्त. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, चारातली ग्रेड ३, ऑपरेशनचं एवढ्यात नको, आधी वजन उतरवा आणि फिजिओ सुरू करा. फिजिओनं व्यायाम दिले, आईनं दोन दिवस जोरात केले, तिसऱ्या दिवशी गुडघा ठणकला, झालं, बंद. आता म्हणते "झिजलंय ते आणि घासून कशाला झिजवायचं?" शेजारच्या काकूंचं पण तेच, तेल लावा, पडून राहा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, महिना झाला ती खाली उतरलेली नाही. जोतिबा तर लांबच राहिला. व्यायामानं खरंच झीज वाढते का?

तालमीतला:
आमच्या आप्पांची गोष्ट सांगतो. ऐन उमेदीत रोज शेकड्यानं बैठका मारलेला माणूस, पन्नाशीनंतर सगळं सोडलं, आहार मात्र पैलवानाचाच राहिला :) सत्तरीला गुडघे गेले. फिजिओ म्हणाली खुर्चीवरनं हात न टेकता उठा-बसा, १० वेळा. आप्पा भडकलेच, "ह्याला व्यायाम म्हणत्यात होय?" आणि सहाव्याला धाप लागली, मांड्या थरथरायला लागल्या. गप बसले. मग रोज केलं, बुडाखाली उशी ठेवून खुर्ची उंच करून. दोन-अडीच महिन्यांनी फरक कळला, त्याआधी रोज आमच्या नावानं शिव्या. एक्स-रे अजून तसलाच आहे बरं का, पण रंकाळ्यावर एक बाकडं गाठून परत येतात.

गुडघ्याचा_माणूस:
मी फिजिओ आहे, इथंच कोल्हापुरात. "घासून झिजतं" हे आठवड्यातनं चारदा ऐकतो. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतो त्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यातल्या वंगणातनं तिला पोषण मिळतं आणि ते हालचालीनंच आतबाहेर होतं. पडून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू आधी वाळतो, मग पायरीवर पाय टाकला की सगळा दणका थेट सांध्यावर. मग आणि दुखतं, मग आणि पडून राहायचं, असं ते चक्र.
आईंचं बहुतेक पहिल्याच दिवशी जास्त झालं. कॉटवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून ५ आकडे मोजायचे, सोडायचं. १० वेळा, सकाळ-संध्याकाळ, श्वास रोखायचा नाही. आठवडाभर एवढंच, मग एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ वीतभर उचलायचा, मग खुर्ची. थोडं दुखणार. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं पूर्वीइतकं खाली आलं तर ठीक, नाहीतर आकडा निम्मा करा, बंद करू नका. मांडी घालून जमिनीवर जेवणं सध्या सोडा. वजनाचं म्हणाल तर १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला, अडकून बसला किंवा पोटरी सुजली तर मात्र व्यायाम राहू दे, आधी डॉक्टर.

मंगळवार_पेठ:
मी स्वतः पेशंट, वय ५८. जिन्याचं एक सांगते, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठड्याला धरून. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, वर्षभर उलटंच उतरत होते. आणि @गुडघ्याचा_माणूस, सांध्यांसाठी देतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या चालू ठेवू का? लई महाग पडतात.

गुडघ्याचा_माणूस:
ज्यांनी दिल्यात त्यांना विचारून ठरवा. माझं मत विचाराल तर त्या पैशात चांगले बूट घ्या, ग्लुकोसामाइनचा फायदा अभ्यासांत ठामपणे दिसलेला नाही.

राजारामपुरीकर:
सगळ्यांचे आभार. तालमीतल्यांचा आप्पांचा किस्सा आईला वाचून दाखवला, लई हसली, आणि म्हणाली "पैलवानाला जमंना व्हय, थांब मी बघते." आत्ता टॉवेल गुंडाळून बसलीय. मोजताना मधीच टीव्हीकडं बघते त्यामुळं ५ चे ८ व्हायलेत, चालतंय का?

गुडघ्याचा_माणूस:
चालतंय की. ८ च्या वर नको सध्या, आणि श्वास चालू आहे ना तेवढं बघा.

तालमीतला:
आप्पांना सांगितलं. म्हणालेत, त्यांना सांग खुर्चीला आलं की भेटू.