गुळाची चिक्की: दोन घाणे फसले, तिसऱ्याला काय करू?

प्रेसवाले काका, नाशिकरोड

नमस्कार मंडळी. मी प्रेसमधून रिटायर झालेला माणूस, स्वयंपाकघराशी संबंध चहापुरता. आमच्याकडे दर संक्रांतीला शेंगदाण्याची चिक्की होते आणि ती आमची ही करते. यंदा गच्चीच्या पायरीवरून घसरून तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. मुलगी पुण्याला. शनिवारी जावई येतील ते चिक्कीचा डबा घेऊन जातील असं आधीच ठरलेलं. त्यामुळे यंदा कढई माझ्याकडे, आणि ही खुर्चीत बसून सूचना देते.

पहिला घाणा: पाव किलो दाणे, पाव किलो गूळ, अर्धी वाटी पाणी. गूळ तो सेंद्रिय म्हणून मिळतो तो काळपट. पाकाला फेस आला, घट्ट झाला असं वाटलं, दाणे टाकून थापली. गार झाल्यावर चपलेच्या पट्ट्यासारखी वाकायला लागली. खाऊन बघितली तर कवळी हातात आली. हसू नका.

दुसरा घाणा: ही म्हणाली, "अहो, पाक अजून होऊ द्या." होऊ दिला. दाणे आदल्या रात्रीच भाजून, सोलून डब्यात ठेवले होते, ते ओतले. दोनदा ढवळलं नाही तोच सगळ्याचा गोळा झाला आणि उलथनं त्यात उभंच राहिलं. लाटण्याचा प्रश्नच आला नाही. तो गोळा सध्या वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावलाय.

प्रश्न एवढाच, की पाक झाला हे नेमकं कळतं कसं? हिला विचारलं तर म्हणते, "वाजला की झाला." मी सगळी नोकरी मापात काढली, मला हे माप कळत नाही. करोनातली कपाळावर धरायची गन घरात होती, ती पाकावर धरली. ती नुसतं 'हाय' दाखवते. मीही हॅलो म्हटलं.

सिडकोची सुगरण

काका, वहिनींच्या हाताला आराम पडो. मी डिसेंबर-जानेवारीत चिक्कीच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे तुमचे दोन्ही घाणे माझेही झालेले आहेत.

आधी गूळ बदला. तो काळा गूळ वरणाला, चहाला चांगला. चिक्कीला मात्र किराणा दुकानात "चिक्कीचा गूळ द्या" असंच म्हणून मागा. हाताला जरा चिकट लागतो, पण पाक कडक होतो. रविवार कारंज्याकडच्या जुन्या दुकानांत या दिवसांत मिळतो. घरचा साधा गूळ संपवायचाच असेल तर निम्मा-निम्मा घ्या. पाव किलो दाण्याला दोनशे ग्रॅम गूळ पुरतो. पाणी फक्त गूळ भिजेल इतकं, दोन चमचे. अर्धी वाटी घातलंत तर ते आटवण्यातच वेळ जातो.

तुमचा दुसरा घाणा गार दाण्यांनी घालवला. पाक बहुतेक बरोबर होता! हल्ली सकाळी निफाडकडून वारा सुटला की ओट्यावरचं तूपसुद्धा दगड होतं, मग रात्रभर डब्यात गारठलेले दाणे गरम पाकात पडल्यावर पाक जागच्या जागी धरणारच. दाणे मंद आचेवर भाजा, सोला, पाकळ्या करा, सुपात पाखडून सालं उडवा. पण पाक गॅसवर चढला की तेच दाणे दुसऱ्या बारीक गॅसवर कोमट ठेवा. पोळपाट उलटा करून त्याला आणि लाटण्याला आधीच तूप लावून ठेवा. पाक झाल्यावर तुपाचा डबा शोधायला गेलात तर संपलं. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर थापू नका, या थंडीत ओटा बर्फासारखा असतो, खालची बाजू आधी धरते आणि वरची लाटता येत नाही.

आता वहिनींचं माप. वाटीत गार पाणी घ्या. पाकाला बारीक बारीक फेस येऊन रंग विटकरी व्हायला लागला की चमच्याने एक थेंब पाण्यात सोडा. थेंब सोडताना गॅस बारीक करा, नाहीतर तुम्ही वाटीत बघताय तोवर कढईत जळतं. थेंब बोटांत घेऊन बघा. मऊ गोळी झाली तर तो लाडवाचा पाक. कडक झाला पण दाबल्यावर वाकला, चावल्यावर दाताला चिकटला, तर तो तुमचा पहिला घाणा. काडीसारखा कट्कन मोडला की झाला. खात्री करायची तर तो थेंब स्टीलच्या ताटात टाका. टण्ण वाजला पाहिजे. तेच ते वाजणं.

एक चमचा तूप, चिमूटभर सोडा, लगेच दाणे, दोन हात ढवळून पोळपाटावर. गरम असतानाच सुरीने रेघा मारून ठेवा.

गंगापूर रोडचा दादा

इतकं कशाला, दोन चमचे साखर टाका गुळात. कुरकुरीत होते, गॅरंटी.

प्रेसवाले काका, नाशिकरोड

दादा, तुमचा मेसेज हिला वाचून दाखवला. उत्तर छापण्यासारखं नाही. सारांश असा, की गुळाची म्हणून जावयाच्या हातात द्यायची आणि साखर घालायची हे तिच्या घरात चालणार नाही.

म्हसरूळची मास्तरीण

काका, मी केमिस्ट्री शिकवते. तुम्हाला मापच हवं असेल तर घ्या.

पाकात पाणी किती उरलंय, सगळा खेळ त्याचा आहे. पाक उकळत राहतो, पाणी उडत जातं, तसतसं तापमान चढत जातं. १३२ ते १४३ अंश सेल्सियसच्या दरम्यान साधारण ५ टक्के पाणी उरलेलं असतं, तो पाक गार झाल्यावर वाकतो आणि दाताला चिकटतो. १४६ च्या पुढे जेमतेम १ टक्का उरतं, तो पाक मोडतो. हे आकडे साखरेच्या पाकाचे आणि समुद्रसपाटीचे. आपलं नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथे पाणीच १०० ऐवजी ९८ अंशांना उकळतं, म्हणून दोन अंश कमी धरायचे. मी १४४-१४५ ला उतरवते. पुढे थांबत नाही, कारण गूळ साखरेआधी करपतो आणि करपला की कडू. काळपट गुळात साखरेव्यतिरिक्तचं बरंच काही असतं, तो हवा तेवढा कडक व्हायच्या आधीच जळका वास सोडतो.

गन मात्र ड्रॉवरमध्ये ठेवा. ती तापासाठी असते, पाकाचं तापमान तिच्या मोजणीच्या कितीतरी पुढे, म्हणून 'हाय'. दांडीचा, पाकात बुडवायचा थर्मामीटर मिळतो. आणल्यावर आधी उकळत्या पाण्यात धरून ९८ दाखवतो का बघा. पाकात धरताना टोक कढईच्या तळाला टेकू देऊ नका.

सोड्याचं कारणही सांगते. गूळ किंचित आंबट असतो, सोडा पडला की त्यात वायूचे बुडबुडे होतात आणि पाकाला बारीक जाळी पडते, म्हणून दात सहज जातो. तुमच्या कवळीसाठी हे महत्त्वाचं. चिमटीपेक्षा जास्त घातलात तर साबणाची चव येते.

सिडकोची सुगरण

मास्तरीणबाई, माझ्या मोडणाऱ्या थेंबाला १ टक्का पाणी म्हणतात हे आज कळलं!

काका, तो दाराचा गोळा धुतलेल्या फडक्यात बांधून बत्त्याने फोडा आणि मिक्सरला फिरवा. दाण्याचा गोड कूट होतो, तुपाचा हात लावून लाडू वळा. दाराला काय, वीटही चालेल.

प्रेसवाले काका, नाशिकरोड

मंडळी, काल रात्री केली.

चिक्कीचा गूळ कारंज्यावरून आणला. दाणे दुसऱ्या गॅसवर. थर्मामीटर मागवलाय पण तो सोमवारी येणार, म्हणून वाटीतलं पाणी आणि स्टीलचं ताट घेऊन बसलो. ही आतल्या खोलीत टीव्ही बघत होती.

पहिला थेंब पाण्यात शाईसारखा पसरला. दुसरा तळाशी गेला पण बोटाला डिंकासारखा. तिसऱ्याची गोळी झाली. चौथा कडक वाटला म्हणून खूश झालो, ताटात टाकला तर थप्प. दाबला तर वाकला. मोह होत होता दाणे टाकून मोकळं व्हायचा, खरं सांगतो. गॅस पुन्हा जरा मोठा केला, फेस आणखी बारीक झाला, वास बदलला, म्हणजे उसाच्या रसाचा होता तो खमंग झाला. पाचवाही वाकला. सहावा ताटात टाकला आणि आतून आवाज आला, "झाला, झाला! दाणे टाका आता!" मी अजून वाकून बघतच होतो.

लाटली, कापली, सुटी झाली. एका कोपऱ्यात जाड आहे, तिथे लाटणं पोचलं नाही. हिने डाव्या हाताने एक तुकडा मोडला, चावला आणि म्हणाली, "दाणे जरा जास्त भाजलेत." मुलीचा डबा बंद करून फडताळात वर ठेवलाय, हवा लागली तर गूळ ओल धरेल म्हणून, आणि माझ्यापासूनही.

आता कढईला पाक चिकटून काच झालाय. घासणीने निघत नाही. काय करू?

सिडकोची सुगरण

कढईत तांब्याभर पाणी घालून उकळी काढा, आपोआप सुटतं. आणि काका, ते पाणी ओतून देऊ नका, उद्याच्या आमटीत घाला.