स्कॉटलंडमधला क्लॅनचा चीफ आणि अर्ल, ड्यूक हे एकच का वेगळे?

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. बेळगावात एमए हिस्टरी करतोय, सेमिनारला स्कॉटलंड १५०० ते १७५० घेतलंय आणि एका ठिकाणी अडकलोय. एका पानावर कॅम्पबेल क्लॅनचा, म्हणजे कुळाचा, चीफ येतो, पुढच्या पानावर अर्ल ऑफ अर्गाइल (अर्ल, ड्यूक ह्या उमरावांच्या पदव्या), आणि दोघं तेच तेच करतात. हा एकच माणूस काय? आणि दुसरं, एका आडनावाची हजारो माणसं खरंच एका मूळपुरुषाची काय? आमच्या गल्लीत सगळे पाटील पण एकमेकांचं सुतक धरत नाहीत, म्हणून विचारालोय. कोणी वाचलं असेल तर सांगा की ओ.

टिळकवाडीकर:
एकच माणूस. तिकडं हायलँडच्या डोंगरात, गेलिक भाषा बोलणाऱ्यांच्यात, तो मॅक कॅलेन मोर, एडिंबरात दरबारात अर्ल (१७०१ पासून ड्यूक). त्याची सत्ता दोन वाटांनी यायची. एक, माणसं त्याला कुळाचा मुख्य मानतात, त्याच्यासाठी तलवार घेऊन येतात. दुसरी, राजाची सनद, तिच्यात जमीन फक्त त्याच्या नावावर, आणि वर पिढीजात न्यायनिवाड्याचा हक्क. सेमिनारमध्ये ह्या दोन्ही वाटा सुट्या करून दाखव, बाकीचं आपोआप उलगडतं.
आडनावाचं तुझं बरोबर आहे, सगळी रक्ताची नव्हेत. चीफच्या जमिनीवर आलेली, आसरा मागितलेली घराणीपण त्याचंच आडनाव लावायची.

निपाणी_७७:
एक भर घालतो. सगळे उमराव क्लॅनवाले नव्हते, हॅमिल्टनसारखी लोलँडची, म्हणजे सखल भागातली, बडी घराणी वेगळी, पण माणसं बांधून ठेवायची रीत तिकडंपण होतीच. 'बाँड ऑफ मॅनरेंट' म्हणून करार असायचा, लहान जमीनदार लिहून द्यायचा की मी तुमच्या बाजूनं उभा राहीन आणि मोठा त्याला संरक्षण द्यायचा, नातं असो नसो. असे शेकडो कागद आजही आहेत. त्यामुळं हायलँड म्हणजे रानटी आणि लोलँड म्हणजे कायदा, अशी सरळ वाटणी करू नकोस बाबा, ती त्या काळच्या एडिंबरच्या लोकांची नजर आहे.

खानापूर_रोड:
धन्यवाद दोघांनाही. पण मग कुळ आहे, माणसं आहेत आणि जमिनीचा कागदच नाही, असं झालं तर?

टिळकवाडीकर:
हाच खरा प्रश्न, आणि ह्यातच लोकांचे हाल झाले. केपॉकचे मॅकडोनल्ड बघ, पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर राहतात पण कागद मॅकिंटॉशच्या नावावर, शेवटी १६८८ मध्ये मलरॉयला लढाई झाली. केपॉकवाले लढाई जिंकले तरी कागद काय बदलला नाही. मॅकग्रेगरांचं तर त्याहून वाईट, त्यांच्या जमिनींवर कॅम्पबेलांचे कागद चढत गेले, मग लुटालूट, मग १६०३ ला ग्लेन फ्रुइनची लढाई आणि त्याच वर्षी सरकारनं त्यांचं आडनावच बंद केलं. मॅकग्रेगर म्हणवलं तर मरणाची शिक्षा! बंदी मध्ये उठली, परत लागली, कायमची उठली ती १७७४ ला. हे वाचताना मला फार त्रास होतो, जमीन गेली ती गेली आणि बापाचं नाव घ्यायचीपण चोरी.

मास्तर_संकेश्वर:
बाळ, १६०९ चे आयोनाचे नियम सोडू नकोस. सहाव्या जेम्सनं बेटांवरच्या चीफांकडून लिहून घेतलं, त्यात एक कलम असं की ज्याच्याकडं ६० गुरं आहेत त्यानं थोरल्या मुलाला, मुलगा नसेल तर थोरल्या मुलीला, लोलँडच्या शाळेत घालून इंग्रजी शिकवायचं. १६१६ पासून चीफांना दरवर्षी एडिंबरला हजेरीपण लागली. तिकडं राहायचं, उमरावांच्या तोडीचं दिसायचं म्हणजे खर्च, खर्च म्हणजे कर्ज, आणि कर्ज फेडायला कसणाऱ्यांचा खंड वाढवायचा. माझ्या मते क्लॅन मोडायला सुरुवात इथं झाली, लोक सगळं १७४६ च्या कलोडनवर, म्हणजे सरकारनं बंड मोडलं त्या लढाईवर, ढकलतात ते मला पटत नाही. कलोडननंतर १७४७ च्या कायद्यानं पिढीजात न्यायाचे हक्क काढले, अर्गाइलचा ड्यूक तर सरकारच्याच बाजूचा, त्याचेही गेले, भरपाई म्हणून २१,००० पौंड मिळाले. जमीन मात्र त्याच्याकडंच राहिली. कुळातल्या माणसांना कोण भरपाई देणार, त्यांच्या हातात कागदच नव्हता.

आणि आपल्या भागाशी जोडायचं असेल तर कित्तूर घे. १८२४ मध्ये कंपनी सरकारनं तिथल्या देसाईचा दत्तक मुलगा नामंजूर केला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन होता, तो स्वतः स्कॉटिश लॉर्डचा मुलगा, निपाणीकर म्हणतात तसल्या लोलँडच्या घराण्यातला. देसाई आणि चीफ एकच असं लिहू नकोस, देसाईचं वतन महसुलाच्या कामावर उभं होतं. पण घराण्याची रीत मोठी का सरकारचा हुकूम मोठा, हा वाद दोन्हीकडं आहे. एवढं घेऊन एक परिच्छेद लिही आणि इथं टाक, मी बघतो.