पहिल्यांदाच रेड वाइन घ्यायची आहे, कुठली घ्यावी?

दापोलीकर: आम्ही चौघं, रेड वाइन कुणीच प्यायलेली नाही. फार तुरट नको. जेवणात सुरमई आणि कोंबडीवडे. कुठली आणू?

रत्नागिरीहून: लेबलवर द्राक्षाचं नाव बघा. मर्लो किंवा पिनो नुआर घ्या. तुरटपणा द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमुळे येतो. पिनो नुआरची साल पातळ, म्हणून ती सौम्य. कॅबर्ने सोव्हिन्यॉ सुरुवातीला नकोच, काजूच्या बोंडासारखी जीभ आवळते. ओक झाडाच्या लाकडी पिंपात मुरवलेलीही नंतर कधीतरी. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात, चौघांना पुरे.

मालवणचा: द्राक्षापेक्षा तापमानाकडे जास्त लक्ष द्या, खरी चव तिथेच बिघडते! ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा थंड देशांतला सल्ला. आपल्याकडे खोली 30 अंशांवर. तेवढ्या कोमट वाइनमध्ये अल्कोहोल नाकात झोंबतं. 15-16 अंश हवेत. बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बर्फ-पाण्याच्या बादलीत 15 मिनिटं. गारढोण मात्र नको, तुरटपणा उलट वाढतो.

दापोलीकर: आणि सुरमईबरोबर चालेल?

रत्नागिरीहून: टाळा. रेड वाइनमधल्या लोहामुळे मासळीचा वास तोंडात उठतो. कोंबडीबरोबर छान लागेल, फक्त रस्सा कमी तिखट करा. अल्कोहोलने तिखट अधिकच जाळतं. उरली तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा.