मोलोकाईचा खड्डा
परदेशी व्यापाऱ्यांनीच हवाई बेटांवरचं चंदन संपवलं, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. माल चीनमधल्या कँटन बंदरात जायचा, जहाजं अमेरिकन, हे खरं. पण १८१९ मध्ये पहिला कामेहामेहा राजा वारल्यावर तिथल्या सरदारांनीच व्यापाऱ्यांची उधारी फेडायला रयतेला डोंगरात चंदनतोडीला जुंपलं. १८२६ च्या कायद्याने प्रत्येक पुरुषावर अर्धा पिकुल, म्हणजे तीसेक किलो चंदन किंवा चार स्पॅनिश डॉलर, असा कर बसला.

हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या रानात अजून एक लांबट खड्डा आहे, जहाजाच्या पोटाच्या मापाने खणलेला. तो ओंडक्यांनी भरला की एका जहाजाचा माल झाला. मग तो माणसांनी पाठीवरून किनाऱ्यावर न्यायचा. शेतं ओस पडली, लोक उपाशी मेले. पोराबाळांच्या पाठीवर हे ओझं येऊ नये म्हणून लोक चंदनाची कोवळी रोपंच उपटून टाकत, असं तिथे सांगतात.