मदत हवी आहे: डिझेल इस्टेट, ऑक्टाव्हिया, पसाट की मोंडेओ? खरं अ‍ॅव्हरेज किती?

सुसाट
जरा लवकर सांगा, रविवारी डिपॉझिट द्यायचंय. तीन इस्टेट (लांब डिकीच्या गाड्या) निवडून ठेवल्यात: ऑक्टाव्हिया २.० टीडीआय, पसाट २.० टीडीआय, मोंडेओ २.० टीडीसीआय. तिन्ही कागदावर ६० च्या वर एमपीजी (गॅलनला मैल) दाखवतात. खरं किती पडतं एवढंच हवंय. 'इलेक्ट्रिक घ्या' वाल्यांनी कृपया पुढे जावं.

नटबोल्ट_पिंपरी
इनोव्हा क्रिस्टा घ्या. डोळे झाकून.

सुसाट
काका, मी इंग्लंडात आहे. इथे इनोव्हा विकतच नाहीत.

डिझेलबुवा
मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! आणखी हवंय: वर्षाला किती मैल, एका फेरीला किती मैल, गाड्या कोणत्या सालच्या, बजेट किती, लंडनात जाणं-येणं आहे का. याशिवाय कोणी आकडा सांगितला तर तो हवेतला समजा.

सुसाट
मिल्टन कीन्स ते लेस्टर, एम १ मोटरवेने, जाऊन-येऊन १०० मैल, आठवड्यातून तीनदा. वर्षाला १५,००० धरा. गाड्या २०१६-१७ च्या, बजेट ११,००० पौंड. लंडनात हॅरोला नातेवाईक आहेत. झालं?

डिझेलबुवा
आता बोलता येईल. त्या सालच्या गाड्यांचे कागदावरचे आकडे जुन्या एनईडीसी चाचणीचे. ती चाचणी वीस मिनिटांची, ११ किलोमीटरची, सरासरी वेग ताशी ३४ किमीच्या आसपास, एसी बंद. एम १ शी त्याचा काय संबंध? ताशी ७० मैलांवर, मॅन्युअल गिअर आणि १५० बीएचपी धरून: ऑक्टाव्हिया ५५ ते ५८, पसाट त्याहून एखाद-दोनने कमी, मोंडेओ अंगाने जड, ४७ ते ५२. थंडीत यातून दहा टक्के वजा करा. ताशी ८० ने हाणली तर सगळ्याच पन्नाशीच्या खाली येतात. टपावर सामानाची पेटी लावली तर आणखी.

हॅरो यूलेझमध्ये (लंडनचा कमी प्रदूषणाचा पट्टा) येतं, ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळेच बरो (विभाग) येतात. डिझेलला युरो ६ (प्रदूषणाचा निकष) लागतं, नाहीतर दिवसाला १२.५० पौंड. २०१६-१७ ची गाडी युरो ६ असणारच, तरी नंबर टाकून तपासा.

नटबोल्ट_पिंपरी
५५ एमपीजी म्हणजे किती ते तरी सांगा.

डिझेलबुवा
इंग्लिश गॅलन ४.५४६ लिटरचा. एमपीजीला ०.३५४ ने गुणा. ५५ म्हणजे लिटरला साडेएकोणीस किमी.

हायब्रीड_हौशी
डिझेलच कशाला? कोरोला टूरिंग स्पोर्ट्स १.८ हायब्रीड बघा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, टर्बो नाही, टायमिंग बेल्ट नाही. मोटरवेवर ५० देते. हिशोब करा: १५,००० मैलांना ५५ ने १,२४० लिटर, ५० ने १,३६४. डिझेल १.४० आणि पेट्रोल १.३३ पौंड धरलं तर वर्षाला फरक ऐंशी पौंडांचाही नाही.

डिझेलबुवा
हिशोब बरोबर, पण ११,००० त ती २०१९ ची, बऱ्याच मैलांची मिळेल. आणि डिकी? कोरोला १.८ ची ५९६ लिटर, ऑक्टाव्हियाची ६१०, पसाटची ६५०.

हायब्रीड_हौशी
१४ लिटरच्या डिकीसाठी डीपीएफचं दुखणं घ्यायचं? घ्या.

सुसाट
भांडू नका. ऑक्टाव्हियाच घेतो मग. घरी सोमवार-शुक्रवार मुलीला शाळेत सोडायला लागेल, दोन मैल. मॅन्युअल चालणार नाही, बायकोचं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे.

गिअरपेटी
हे आता सांगताय! वरचे सगळे आकडे मॅन्युअलचे आहेत. डीएसजीला (फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) दोन-तीनने कमी धरा. १.६ टीडीआयच्या वाटेला जाऊ नका, तिला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी येतो. २.० ला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा. तो टिकतो, पण ४०,००० मैलांना तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावे लागतात. पावती मागा. 'फुल सर्व्हिस हिस्टरी' मध्ये बऱ्याचदा फक्त इंजिन ऑइल असतं. तेलाची पातळी गिअरबॉक्स ३५ ते ४५ अंशांवर असतानाच बघायची असते. नाक्यावरचा मेकॅनिक अंदाजाने भरतो आणि मग गाडी सुटताना झटके देते.

डिझेलबुवा
शाळेचे दोन मैल हा खरा घोळ. तेवढ्या अंतरात इंजिन तापतच नाही, अ‍ॅव्हरेज तिशीत येईल. डीपीएफमधली काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास जावा लागतो. मध्येच गाडी बंद केली की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं तर तेच. पण आठवड्याला तीन दिवस एम १ आहे, त्यामुळे तुमचं निभेल. नुसती शाळाच असती तर मी हौशींच्या बाजूने बोललो असतो. आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हजाराच्या आसपास, फॅन जोरात आणि स्टार्ट-स्टॉप बंद दिसला तर जळणं चालू आहे. बायकोला सांगा, दहा-पंधरा मिनिटं आणखी फिरवून ये.

घ्यायच्या आधी ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून दोन आकडे बघा: शेवटचं रीजनरेशन (काजळी जाळणं) किती मैलांपूर्वी झालं, आणि राख किती साठली. काजळी जळते, राख जळत नाही. २५० ते ४०० मैलांनी रीजनरेशन होत असेल तर ठीक. शंभरालाच होत असेल तर सोडून द्या. इंजिन ऑइल कमी राख करणारं, लो-अ‍ॅशच, फोक्सवॅगन ५०७.०० मंजुरीचं.

हायब्रीड_हौशी
आणि अ‍ॅडब्लूचा (एक्झॉस्टमधला नॉक्स वायू कमी करणारं द्रव) खर्च? वर्षाला तीसेक लिटर.

गिअरपेटी
त्या सालच्या बऱ्याच ऑक्टाव्हियांना अ‍ॅडब्लू नाहीच, नॉक्स ट्रॅप (तो वायू धरून ठेवणारा भाग) आहे. पसाटला असतं. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं टोपण आहे का बघा.

नटबोल्ट_पिंपरी
आपल्याकडे १९९२ ला टाटा इस्टेट आली होती, १.९ डिझेल. तिच्या डिकीत दोन माणसं झोपायची.

सुसाट
काका, धागा भरकटतोय. गाडीवाल्याने स्क्रीनचा फोटो पाठवलाय, ६१ एमपीजी दाखवतोय. मग ५५ कसं?

डिझेलबुवा
स्क्रीन पाचेक टक्के फुगवून सांगते, आणि ट्रिप रीसेट करून सरळ रस्त्यावर काढलेला फोटो असेल तर त्यावर जाऊच नका. घेतल्यावर स्वतः मोजा: नोझल पहिल्यांदा सुटेपर्यंत टाकी भरा, ओडोमीटर लिहा, टाकी पाव उरेपर्यंत चालवा, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या सुटण्यापर्यंत भरा. मैलांना ४.५४६ ने गुणा, लिटरने भागा. तीन टाक्यांची सरासरी काढा.

गिअरपेटी
रविवारच्या आधी सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटीचा (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) इतिहास बघा, फुकट आहे. दर वर्षीचे मैल दिसतात. डीपीएफ काढून टाकलेली गाडी २०१४ पासून एमओटीत नापास होते. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलला तेही विचारा. या इंजिनात पंपाचं सरकतं झाकण अडकतं आणि इंजिन तापतं.

सुसाट
गाडीवाला म्हणतो सर्व्हिस रेकॉर्ड डिजिटल आहे, पुस्तक नाही. ६८,००० मैल झालेत.

गिअरपेटी
मग चासी नंबरवरून प्रिंट काढून द्यायला सांगा. ४०,००० च्या आसपास डीएसजी तेलाची नोंद नसेल तर ते काम त्याच्याकडून आधी करून घ्या, डिपॉझिट नंतर.