शिकागोचं जीन सिस्केल फिल्म सेंटर: कॉलेजबाहेरच्यांना जाता येतं का?

गवतीचहा:
नमस्कार मंडळी. महिन्यापूर्वी पुण्याहून शिकागोला आले. पुण्यात फिल्म अर्काइव्ह घरापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर बघायची सवय लागलेली. इथे स्टेट स्ट्रीटवर जीन सिस्केल फिल्म सेंटरची पाटी दिसली, पण ते आर्ट कॉलेजचं आहे म्हणे. बाहेरच्यांना सोडतात का? आणि घरबसल्या एवढं सगळं दिसत असताना मुद्दाम जावं असं तिथे काय आहे?

तळ्यातमळ्यात:
सोडतात की. कोणीही तिकीट काढून जावं, कॉलेजच्या मुलांना ते स्वस्त पडतं इतकंच. रेड लाइन ट्रेनने लेक स्टेशनला उतरा. समोरच शिकागो थिएटरची उंच उभी पाटी आहे, चुकणार नाही. उपनगरात राहत असाल तर परतीच्या मेट्राची (उपनगरांत जाणारी लोकल) वेळ आधी बघून ठेवा.

निळीछत्री:
मी २००६ पासून जातेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट या आर्ट कॉलेजनेच हे १९७२ मध्ये सुरू केलं. तेव्हा नाव नुसतं फिल्म सेंटर होतं. जीन सिस्केल हे शिकागो ट्रिब्यूनचे समीक्षक, रॉजर ईबर्टबरोबर टीव्हीवर अंगठा वर-खाली करायचे तेच. १९९९ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी सेंटरला त्यांचं नाव दिलं आणि २००१ मध्ये ते आताच्या जागेत आलं. दोनच पडदे आहेत. नवे परदेशी सिनेमे असतात, जुने असतात, दरवर्षी कृष्णवर्णीयांच्या सिनेमांचा ब्लॅक हार्वेस्ट महोत्सव असतो.

मुद्दाम का जावं, ते मला माझ्या बाबांमुळे कळलं. ते सांगलीकडे एका टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. २०१३ मध्ये इथे आले तेव्हा त्यांना ३५ एमएमच्या, म्हणजे खऱ्या फिल्मच्या रिळांवरून दाखवलेल्या, शोला घेऊन गेले. भाषा त्यांना कळत नव्हती, खालची अक्षरंही वाचता येत नव्हती. वीसेक मिनिटं झाली आणि त्यांनी माझा हात दाबला. "मोटर," म्हणाले, म्हणजे दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची खूण. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका चमकून गेला होता. इतकी वर्षं सिनेमे बघून मला तो कधी दिसला नव्हता. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला. "आता बदल." पुढचं रीळ दुसऱ्या मशीनवर सुरू झालं, आणि कुठे झटका नाही, काही नाही. दोन तासांच्या सिनेमात असं पाच वेळा. बाबांनी पाचही वेळा हात दाबला.

सगळी रिळं एकमेकांना जोडून एका मोठ्या थाळीवर चढवली की काम सोपं होतं, पण त्यासाठी प्रिंटला कात्री लागते. म्हणून अर्काइव्हवाले सहसा जुनी प्रिंट अशा ठिकाणी पाठवतच नाहीत. त्यांना दोन मशीनं लागतात आणि ती चालवणारा जाणता माणूस लागतो. हे दोन्ही सांभाळायचं, रिळांचं भाडं नि येण्याजाण्याचा खर्च भरायचा, आणि कधी थिएटरात वीसच माणसं. नफ्यासाठी थिएटर चालवणारा हे करणार नाही. इथेही नुसत्या तिकिटांवर भागत नाही, देणग्या नि सभासदांची वर्गणी लागतेच. म्हणून सांगते, दोन-तीन शो आवडले तर सभासद व्हा. आणि कार्यक्रमपत्रिकेत ३५ एमएम लिहिलेलं दिसलं तर तो शो सोडू नका.

गवतीचहा:
तुमच्या बाबांना मशीन बघायला मिळालं का हो?

निळीछत्री:
मिळालं. शो सुटल्यावर ऑपरेटर बाहेर भेटला. बाबांनी मला विचारायला सांगितलं, "रीळ परत कोण गुंडाळतं?" मी इंग्रजीत काही बोलायच्या आत बाबांनी हाताने हॅंडल फिरवल्याची खूण केली. तो हसला आणि आम्हाला वर घेऊन गेला. टेबलावर शेवटचं रीळ होतं, ते त्याने आमच्यासमोर सावकाश गुंडाळलं. बाबा शेजारी उभे, हात पाठीमागे बांधलेले. "बघ, कडेनेच धरतोय," एवढंच मला म्हणाले.

येत्या गुरुवारी मी सव्वासहाच्या शोला जाणार आहे. यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सहाला खाली दारापाशी थांबते.